तोंडाभोवतीचं पुरळ आणि मेडिकलवरची पांढरी ट्यूब

(परभणीत तरुण मुला-मुलींसमोर एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'तरुणांचं आरोग्य'. तो पुरता मांडायचा तर मगरिबची अजान होऊनही मी बोलतच राहीन. म्हणून त्यातला तळहाताएवढा तुकडा घेते. नाकाच्या पाकळ्यांपासून हनुवटीपर्यंत, तोंडाच्या भोवती जे बारीक लाल पुरळ येतं, त्याबद्दल बोलते. विषय छोटा वाटेल. पण या पुरळामुळे कॉलेज सोडून घरी बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, रिश्ता बघायला पाहुणे येणार म्हणून रडत आलेल्या पाहिल्या आहेत. आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचं पुरळ त्यांच्या चेहऱ्यानं नव्हे, एका ट्यूबनं तयार केलेलं होतं.

आधी ते ओळखायचं कसं, ते सांगते. टाचणीच्या डोक्याएवढ्या लालसर पुटकुळ्या, कधी त्यात थोडा पू, खाली लाल झालेली, थोडी सुटणारी कातडी. खाजेपेक्षा आग जास्त, चेहरा ओढल्यासारखा वाटतो. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: ओठाला अगदी लागून असलेली बारीक पट्टी बहुतेक वेळा स्वच्छ राहते. पुरळ त्या पट्टीच्या बाहेर, कडं केल्यासारखं. कधी तेच नाकाच्या बाजूला आणि डोळ्यांच्या कडेलाही जातं. याला पेरिओरल डर्मॅटायटिस म्हणतात. 'पेरिओरल' म्हणजे तोंडाभोवतीचं. हे संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्यानं, गळाभेट घेतल्यानं ते पसरत नाही. पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या बायकांमध्ये जास्त दिसतं, पण लहान मुलांना आणि पुरुषांनाही होतं.

मुरुमांशी याचा फार गोंधळ होतो. मुरुमांत काळी-पांढरी टोकं असतात, कपाळ, गाल, पाठ यांवरही येतात. या पुरळात ती टोकं नसतात.

आता याचा इतिहास बघा, तो फार बोलका आहे. स्टिरॉइडचं मलम कातडीवर काम करतं हे १९५२ च्या सुमारास सिद्ध झालं. ते औषध खरंच मोठं होतं. इसबाच्या, सोरायसिसच्या रुग्णांना त्यानं आयुष्य परत दिलं, आजही देतं. मग १९६० च्या दशकात त्याहून कितीतरी तीव्र मलमं बाजारात आली आणि लोक ती चेहऱ्यावर लावू लागले. पेरिओरल डर्मॅटायटिस हे नाव रुळलं १९६४ पासून, अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांच्या लेखानंतर. त्याच्या पुढच्या काही वर्षांत ब्रिटन आणि युरोपात तरुण बायकांमध्ये या पुरळाची जणू साथच आली. डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं तर बहुतेकींच्या कपाटात तीव्र स्टिरॉइडची ट्यूब. तिथे चेहऱ्यावर ही मलमं लिहून देणं कमी झालं, तसे रुग्णही कमी झाले. तिथे ओसरलेली ती साथ आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवरून अजून चालूच आहे.

ट्यूब नेमकं काय करते? स्टिरॉइड लावलं की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. लाली जाते, सूज जाते, चेहरा दोन-तीन दिवसांत उजळ दिसतो. मैत्रीण विचारते, "काय लावलंस गं?" इथून पुढचा प्रवास ठरलेला असतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या ढिल्या पडतात, तोंडाभोवती पुटकुळ्या येतात. त्या घालवायला पुन्हा तीच ट्यूब. आणि त्या जातातही! दोन दिवस ट्यूब बंद केली की दुप्पट जोमानं परततात. मग माणूस ठरवतो की मला ही क्रीम 'सूट' होते, सोडली की त्रास होतो. सापळा इथेच आहे. क्रीम सोडल्यावर जो भडका उडतो तो क्रीमचाच असतो, आणि आपण त्यावर उपाय म्हणून तीच क्रीम चोळत असतो.

ही एकट्या-दुकट्याची कहाणी नाही. २०११ साली भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी देशभरातल्या बारा केंद्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण त्यांनी तपासले. त्यांतले ४३३ जण, म्हणजे जवळपास पंधरा टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. दर दहांतल्या सहा जणांना ते डॉक्टरनं सांगितलेलंच नव्हतं. मैत्रीण, नातेवाईक, पार्लर, दुकानदार यांनी सांगितलेलं. २९ टक्के लोक ते गोरं होण्यासाठी किंवा रोजची साधी क्रीम म्हणून वापरत होते. आणि वापरणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांच्या चेहऱ्यावर दुष्परिणाम दिसत होते. आमच्या शास्त्रात या अवस्थेला आता स्वतंत्र नाव आहे: 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस', स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा. हे नाव भारतातल्या डॉक्टरांनी दिलंय. अभिमान वाटावा अशी देणगी नाही ही.

तुमच्या घरातली ट्यूब आज रात्री हातात घ्या. पुढचं मोठं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. एक घोटाळा होतो: क्लोबेटासोल हे स्टिरॉइड आणि क्लोट्रिमॅझोल हे नायट्याचं औषध. नावं कानाला सारखी, कामं उलटी. आणि आपल्या बाजारात अशा ट्यूब आहेत की ज्यांत नायट्याचं औषध, जंतूंचं औषध आणि तीव्र स्टिरॉइड तिन्ही एकत्र घातलेली असतात. दुकानदाराला निदान करायची गरज नाही; जे काय असेल त्याला लागू पडेल. खाज थांबते, नायटा मात्र आतून पसरत राहतो, त्याचं ओळखीचं गोल कडं पुसलं जातं आणि मग डॉक्टरलाही तो पटकन ओळखू येत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभर न हटणाऱ्या नायट्याची जी लाट आलीय, तिच्यात या मिश्रणांचा मोठा वाटा आहे.

दुसरी जात 'नाइट क्रीम'ची. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टिरॉइड यांचं मिश्रण. हे वांगासाठीचं औषध आहे, डॉक्टरच्या नजरेखाली, थोड्या आठवड्यांसाठी, फक्त डागांवर आणि फक्त रात्री लावायचं. आपल्याकडे ते मुली बारा महिने स्नो-पावडरसारखं लावतात.

कायदा काय म्हणतो? पूर्वी 'शेड्यूल एच' म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत बाहेरून लावायच्या मलमांना सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टिरॉइडांची ही सूट काढून घेतली. आज या ट्यूबवर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना असते. आता इथून उठून स्टेशन रोडवरच्या कुठल्याही मेडिकलवर जा आणि "चेहऱ्याला काहीतरी द्या" म्हणा. मी पुढचं बोलत नाही, तुम्ही हसताय त्यावरून तुम्हाला ठाऊक आहे.

दुकानात मिळणाऱ्या ट्यूबवर निदान नाव तरी असतं. काही क्रीमवर तेही नसतं. अकोल्याची बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. एकाच घरातल्या तिघी जणींना पाठोपाठ किडनीचा आजार झाला. तो का झाला हे मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर कळलं: त्या लावत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा होता. क्रीम गावातल्या ब्यूटिशियनकडून घेतलेली. केरळमध्ये तर डॉक्टरांनी रीतसर नोंद ठेवली. किडनीच्या चाळणीचा मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी नावाचा आजार झालेल्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचं सांगितलं. भारतातल्या नियमानुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा चालत नाही, तोही चुकून राहिलेला. पाऱ्यानं तोंडाभोवतीचं पुरळ येतं असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच आहे की व्हॉट्सॲपवर फोटो बघून मागवलेल्या, पत्ता नसलेल्या डबीत स्टिरॉइड आहे, पारा आहे की दोन्ही, हे तुम्हाला समजायचा काही मार्ग नाही. अशी क्रीम लावणाऱ्याला पायावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला तर त्यानं चेहऱ्याचा विचार बाजूला ठेवून आधी लघवीची तपासणी करून घ्यावी.

आणि आता जे बोलायचं ते डॉक्टर म्हणून नाही. हज्जतुल विदाच्या खुत्ब्यात गोऱ्याला काळ्यावर काही श्रेष्ठत्व नाही असं सांगितलेलं आहे, हे इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. हजरत बिलाल यांचं नाव घेताना आपले डोळे भरून येतात. आणि मग मुलासाठी मुलगी बघायला निघालेली आपलीच खाला-फुफी पहिला प्रश्न विचारते, "रंग कैसा है?" बायोडेटात 'गोरी' हा शब्द शिक्षणाच्या आधी येतो. मुलाच्या रंगाची ओळ त्यात असते का? मी अजून पाहिली नाही. सतराव्या वर्षी मुलीच्या हातात ट्यूब येते ती मेडिकलवाल्यामुळे येते हे खरं. पण मेडिकलपर्यंत तिला पाठवतं कोण? इथे बसलेल्या मुलांना मी विचारते, उद्या तुमच्यासाठी घरचे रिश्ता बघतील तेव्हा हा प्रश्न विचारू नका असं तुम्ही अम्मीला सांगणार आहात का? हात वर करू नका. घरी जाऊन सांगा.

बरं, पुन्हा पुरळाकडे. स्टिरॉइड हे सगळ्यात मोठं कारण, पण एकटं नाही. जाड, तेलकट क्रीम, एकावर एक लावलेले थर, फाउंडेशन, सुगंधी फेसवॉश यांनीही ते भडकतं. काहींना टूथपेस्टमधल्या दालचिनी-पुदिन्याच्या अर्कानं किंवा फ्लोराइडनं त्रास होतो. डॉक्टर साधी पेस्ट वापरून बघायला सांगतात. दात घासणं बंद करायचं नाही! दम्याचा पंप, नाकातला स्प्रे, मुलांच्या नेब्युलायझरचा मास्क यांतूनही स्टिरॉइड तोंडाभोवती बसतं. तिथे औषध थांबवायचं नाही, दमा जीव घेतो. वापर झाला की चूळ भरायची आणि तोंड धुवायचं. आणि आईच्या हाताच्या इसबाला लावलेलं मलम त्याच बोटांनी बाळाच्या गालावर जातं, हेही लक्षात घ्या.

नकाबाबद्दल मुली हळूच विचारतात. नकाब हा दोषी नाही. पण परभणीच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना, कापडाखाली घाम आणि वाफ साठते, घर्षण होतं. आणि मुख्य म्हणजे झाकलेल्या, ओल्या कातडीत क्रीम जास्त मुरते. म्हणजे नकाबाखाली स्टिरॉइड लावणं हे दुप्पट लावण्यासारखं आहे. सुती, हलकं कापड घ्या, रोज धुवा, सुगंधी पावडरीचा अंश राहू देऊ नका, ओलं झालं की बदला. कोविडच्या काळात मास्कखाली हेच सगळ्या जगानं अनुभवलं, त्यात हिंदू-मुसलमान काही नव्हतं. वुजूबद्दलही विचारतात. साध्या पाण्यानं पाच वेळा तोंड धुतल्यानं हे पुरळ येत नाही. प्रत्येक वुजूला साबण किंवा फेसवॉश लावला तर कातडी कोरडी पडून चिडते. पाणी पुरे, नंतर टॉवेलनं घासू नका, टिपा.

मुलांनी स्वतःला वगळू नये. दाढी-मिशीला लावायची 'काळी मेहंदी' ही बहुतेक वेळा मेहंदी नसतेच. खरी मेहंदी केशरी-तांबडी रंगते. काळेपणा येतो पीपीडी नावाच्या रसायनानं, आणि ज्याला त्याची ॲलर्जी आहे त्याचा ओठ, हनुवटी, कधी पूर्ण चेहरा सुजतो, पाणी सुटतं. एकदा झालं की ती ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. अत्तर थेट कातडीवर लावून उन्हात गेलात तरी डाग-पुरळ येऊ शकतं, कपड्याला लावा. दाढीत गोल, खपली धरणारा, केस गळणारा चट्टा आला तर तो नायटा असू शकतो. त्याच्यावर स्टिरॉइड म्हणजे रॉकेल.

तोंडाजवळ येणारं सगळंच पेरिओरल डर्मॅटायटिस नसतं, हे सांगायला हवं, नाहीतर उद्या तुम्ही सगळे डॉक्टर व्हाल. ओठ सतत चाटणाऱ्या पोरांच्या ओठाला लागूनच लाल-काळं कडं येतं. तिथे मघाची स्वच्छ पट्टी नसते. रोज्यात ओठ सुकतात आणि जीभ फिरते, तेव्हा हे वाढतं. सहरीआधी आणि इफ्तारनंतर साधं व्हॅसलीन लावा. ओठांचे कोपरे फाटतात ते बुरशीमुळे किंवा लोह, बी जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे, मुलींमध्ये विशेष. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड घडानं येतात, ते विषाणूचे. डोळ्याजवळ आले तर त्याच दिवशी दाखवा. लहान मुलांच्या तोंडाजवळ मधाच्या रंगाची खपली धरते, तो जंतुसंसर्ग असतो आणि तो पसरतो.

आणि आपला आंबा! बिब्बा उतला की काय होतं हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. आंब्याच्या चिकात आणि सालीत बिब्ब्यासारखीच द्रव्यं असतात. साल दातांनी ओढून चोखणाऱ्याच्या तोंडाभोवती एक-दोन दिवसांनी खाजणारं पुरळ उठतं. देठाचा चीक काढून, धुऊन, सोलून, फोडी करून खाल्ला तर बहुतेकांना काही होत नाही.

मग उपाय काय? पहिला उपाय म्हणजे थांबणं. डॉक्टर याला 'शून्य उपचार' म्हणतात: स्टिरॉइड, मेकअप, नाइट क्रीम, फेसवॉश सगळं बंद. बेसन-हळद, लिंबू, मुलतानी माती, पुटकुळीवर टूथपेस्ट हेही बंद; चिडलेल्या कातडीला ते झेपत नाही. फक्त कोमट किंवा गार पाणी, आणि फारच ओढलं तर बिनवासाचं हलकं मॉइश्चरायझर. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत पुरळ वाढणार हे आधीच मनाशी धरा, घरच्यांनाही सांगा. याच दिवसांत बहुतेक जणी हरतात आणि ट्यूबकडे परततात. आग फार झाली तर गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड दहा मिनिटं ठेवा. समोर लग्न, वलीमा असेल तर या दिवसांत ते येणार नाही असा हिशेब करा. तारखेच्या चार दिवस आधी क्रीम सोडणारी मुलगी माझ्याकडे आली की मलाच घाम फुटतो.

महिनोन्‌महिने तीव्र स्टिरॉइड लावलेलं असेल तर एकदम न सोडता डॉक्टरला दाखवून सोडा. कधी आम्ही हलक्या औषधावर आणून मग थांबवतो. लागलं तर लावायची किंवा पोटात घ्यायची प्रतिजैविकं देतो. त्यांतली काही गरोदरपणात आणि लहान मुलांना चालत नाहीत, म्हणून मेव्हणीची चिठ्ठी तुम्हाला चालणार नाही. बरं व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात. रोज्याच्या महिन्यात गोळ्या सहरी-इफ्तारला बसवून देता येतात, आधी सांगा. कातडीवर मलम लावल्यानं रोजा तुटत नाही असं बहुसंख्य उलेमा सांगतात. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, पण त्या शंकेपायी महिनाभर औषध टाळू नका.

दाखवायचं कुठे? खासगी फी परवडत नाही म्हणून मेडिकलवर जातो, असं बरेच जण म्हणतात आणि ते खोटं नाही. जिंतूर, पाथरी, गंगाखेडहून यायचं तर एक दिवसाची मजुरी जाते. पण परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सरकारी रुग्णालयाची ओपीडी आहे. महिन्याला एक ट्यूब याप्रमाणे वर्षभर जो खर्च होतो, त्यापेक्षा ती खेप स्वस्त पडते. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणून हिणवणाऱ्यांना आपण हसून सोडून देतो, तेवढाच सोपा हा प्रवास आहे असं मी म्हणत नाही. दोन-तीन जणींनी मिळून या, म्हणजे घरचेही पाठवतील.

येताना लावलेली प्रत्येक ट्यूब, डबी, पुडी पिशवीत घालून आणा. रिकामी असली तरी आणा, लाजू नका, कुणी रागावणार नाही. चेहरा बघून मला जेवढं कळतं त्याहून जास्त त्या पिशवीतून कळतं. आणि यापुढे मेडिकलवर काहीही घेतलं तरी पक्कं बिल मागा, त्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर असतो. चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड दिलं जात असेल किंवा पत्ता नसलेली क्रीम विकली जात असेल तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची असते. एकट्या मुलीनं नाही, तुमच्यासारख्या गटानं, लेखी, बिलाची प्रत आणि ट्यूबचा फोटो जोडून.

प्रश्न विचारा आता. मुलींना इथे विचारायचं नसेल तर चिठ्ठ्या पाठवा, नाव लिहू नका.